फ्रंट रात्री ९ ला येणार, मग वादळ संध्याकाळी ५ लाच कसं आलं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा की जानेवारीत पुण्याहून डॅलसजवळच्या फ्रिस्कोला आलात, ॲपवर दिसतंय की गुरुवारी रात्री ९ च्या सुमाराला कोल्ड फ्रंट डॅलसमधून जाणार, शाळेचा सिव्हिअर वेदरचा ईमेल येऊन पडलाय, आणि मुलाची सॉकर प्रॅक्टिस ६ ला आहे, म्हणजे फ्रंटच्या तीन तास आधी, मग जायला हरकत नाही ना, आणि हे सगळं ट्रॅक कसं करायचं. मी ओक्लाहोमातल्या नॉर्मनला हवामानशास्त्र शिकले आणि इथे टेक्सासमध्ये फोरकास्टिंगच करते, दर वसंतात नवीन आलेल्या मंडळींकडून हाच प्रश्न येतो म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी उत्तर: फ्रंटच्या वेळेवरून प्रॅक्टिसचं ठरवू नका. नकाशावरची ती निळी त्रिकोणांची रेघ म्हणजे थंड हवा कुठपर्यंत पोचली एवढंच सांगते. वादळं रेघेवरच होतात असं काही नाही, आणि आपल्याकडची सगळ्यात वाईट वादळं बऱ्याचदा रेघ यायच्या कितीतरी आधी, तिच्या पुढच्या गरम दमट हवेत होऊन जातात.

असं का होतं ते थोडं बघू. मार्च-एप्रिलमध्ये इथे दक्षिणेचा वारा दोन-तीन दिवस सलग वाहिला की मेक्सिकोच्या गल्फवरची ओल थेट ओक्लाहोमापर्यंत चढते, तुम्हाला बाहेर पडल्यावर एकदम कोकणासारखं चिकट वाटायला लागतं. त्याच वेळी पश्चिमेकडून, वेस्ट टेक्सास आणि न्यू मेक्सिकोच्या वाळवंटाकडून कोरडी हवा येत असते, आणि या दोघींच्या मधे एक सीमा तयार होते तिला ड्रायलाइन म्हणतात. ही ड्रायलाइन तुमच्या ॲपवर बहुतेक दिसणारच नाही! दुपारी उन्हाने ती पूर्वेकडे सरकते, अ‍ॅबिलीन-विचिटा फॉल्सच्या, म्हणजे डॅलसच्या पश्चिमेकडच्या गावांच्या, आसपास येते आणि तिथे २ ते ५ च्या मधे ढग फुटतात. ती वादळं ताशी ३०-४०-५० मैलांनी पूर्वेला निघतात आणि संध्याकाळी मेट्रोप्लेक्समध्ये, म्हणजे डॅलस-फोर्ट वर्थ परिसरात, येतात. कोल्ड फ्रंट तेव्हा अजून मागे, वायव्येला असतो. तो रात्री येऊन ड्रायलाइनला गाठतो, मग सगळं मिळून एक लांबलचक रेघ होते आणि ती आपल्यावरून जाते. म्हणजे एकाच दिवसात दोन हप्ते, आणि ॲप फक्त दुसऱ्याची वेळ सांगतं.

त्यातला पहिला हप्ता जास्त वाईट का, तर एकटं वादळ आजूबाजूची सगळी दमट हवा स्वतःच ओढून घेतं, वाटेकरी नसतात. मोठ्या गारा आणि जोरदार टॉर्नेडो बहुतेक अशा सुट्या सुपरसेलमधूनच, म्हणजे अख्ख्या गोल फिरणाऱ्या मोठ्या वादळांतूनच, येतात. रेघ झाली की वादळं एकमेकांच्या हवेवर चढतात, मग मुख्य धोका सरळ वाऱ्याचा होतो, टॉर्नेडो होतात पण बरेचदा छोटे, पावसात लपलेले आणि पाच-दहा मिनिटांत संपणारे. ते कमी धोक्याचे असं मी म्हणत नाही, ते दिसत नाहीत आणि वॉर्निंगला वेळ कमी मिळतो. पण ओळख वेगळी, म्हणून लक्ष ठेवायची पद्धतही वेगळी.

आपल्याकडच्या वळवाच्या पावसाची सवय असलेल्या माणसाला इथे एक गोष्ट चकवते. पुण्यात एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत उकाडा, ४ वाजता काळे ढग, धूळ, गडगडाट, कधी गारा, आणि तासाभरात सगळं शांत, कारण त्या ढगात वर जाणाऱ्या हवेवरच स्वतःचा पाऊस पडतो आणि ढग स्वतःच स्वतःला विझवतो. इथे जमिनीवरचा वारा दक्षिणेचा आणि पाच-सहा किलोमीटरवरचा पश्चिमेचा, तोही कितीतरी जोराचा. हा फरक ४० नॉटच्या वर गेला की पाऊस वर चढणाऱ्या हवेपासून लांब जाऊन पडतो, ढग विझत नाही, उलट अख्खा गोल फिरायला लागतो आणि तीन-चार तास जगतो, एका काउंटीतून दुसरीत. (महाराष्ट्रातही वरचा पश्चिमी वारा खाली येऊन ओल्या हवेशी गाठ पडली की गणित बिघडतं, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट आठवत असेल, मराठवाडा विदर्भात द्राक्षं, गहू, हरभरा सगळं झोपलं होतं.) तेव्हा 'पडून जाईल तासाभरात' हा हिशेब इथे करू नका.

आता ट्रॅकिंग. दोन-चार दिवस आधी रडार बघण्यात काहीच अर्थ नाही, तेव्हा फक्त नॉर्मनच्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा आउटलुक बघायचा. पाच पातळ्या असतात, मार्जिनल, स्लाइट, एनहान्स्ड, मॉडरेट, हाय. नावांपेक्षा १ ते ५ हे आकडे लक्षात ठेवा, कारण नावं ऐकून माणूस निवांत होतो आणि २ च्या दिवशीही गोल्फ बॉलएवढ्या गारा पडून अख्ख्या सबडिव्हिजनची (कॉलनीची) छपरं गेलेली मी बघितली आहेत. आत टॉर्नेडो, वारा, गारा यांचे वेगळे टक्के असतात ते उघडून बघा, मला ते रंगीत नकाशापेक्षा जास्त उपयोगी वाटतात. ते टक्के म्हणजे तुमच्यापासून २५ मैलांच्या आत तसं काही व्हायची शक्यता. ५ किंवा १० टक्के टॉर्नेडो ऐकायला किरकोळ वाटतं पण साध्या दिवशी तोच आकडा एक टक्क्याच्याही खाली असतो.

आणि फोर्ट वर्थच्या नॅशनल वेदर सर्व्हिस ऑफिसचं फोरकास्ट डिस्कशन वाचा. हे बहुतेकांना माहीतच नसतं. ड्यूटीवरचा माणूस रोज पहाटे आणि दुपारी साध्या इंग्रजीत लिहितो की आम्हाला काय वाटतंय, कुठे खात्री आहे, कुठे नाही. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि टीव्हीवरच्या लाल-जांभळ्या ग्राफिक्सपेक्षा दहापट शहाणं. माझ्या मते सगळे ॲप काढून टाकले आणि फक्त हे ठेवलं तरी निम्मं काम होतं.

त्या दिवशी सकाळी मी सगळ्यात आधी ड्यू पॉइंट, म्हणजे हवेत ओल किती ते सांगणारा आकडा, बघते, तापमान नाही. आपल्या भागात ड्यू पॉइंट ६० फॅरेनहाइटच्या वर गेला की कान टवकारायचे, ६५ च्या पुढे आणि वारा आग्नेयेकडून असेल तर दिवस गंभीरपणे घ्यायचा. मग वरच्या हवेचं तापमान, ओल, वारा मोजणाऱ्या सकाळच्या बलूनचा डेटा. उन्हाळी वेळेप्रमाणे ६ ते ७ च्या दरम्यान फोर्ट वर्थहून बलून वर जातो, आणि मोठ्या दिवशी दुपारी जादाचा एक सोडतात, तो सोडला म्हणजे ऑफिसातल्या लोकांनाही काळजी आहे एवढं समजायचं. त्यात बघायचं असतं कॅप किती आहे. मेक्सिकोच्या पठारावरून आलेल्या गरम कोरड्या हवेचा एक थर दीड-दोन किलोमीटरवर बसलेला असतो, तो खालच्या हवेला वर जाऊ देत नाही. कॅप जाड असेल तर दिवसभर काहीच होत नाही, लोक फोरकास्टरना शिव्या घालतात, घरी जातात. पण तोच थर दुपारभर दमट हवा खाली साठवूनही ठेवतो, सगळीकडे चिल्लर ढग फुटून ताकद वाया जाऊ देत नाही, आणि ५ वाजता एका जागी फाटला तर तिथून जे वर जातं ते वीस मिनिटांत पन्नास हजार फुटांवर. म्हणून सकाळी ढगाळ आहे, किंवा दुपारी ३ पर्यंत आभाळ मोकळं आहे, या दोन्हींवरून काहीही ठरवू नका.

कॉम्प्युटरने काढलेले अंदाज, म्हणजे मॉडेल, बघायची हौस असेल तर एचआरआरआर नावाचं बघा, दर तासाला नवीन रन येतो, ३ किलोमीटरचा ग्रिड. पण तुमच्या ॲपमधलं 'फ्यूचर रडार' हेच किंवा असलंच काहीतरी असतं आणि लोक ते असं बघतात जणू उद्याचा व्हिडिओ आधीच शूट झालाय. ७:१० ला फ्रिस्कोवर लाल ठिपका दाखवला म्हणजे ७:१० ला येणार असं नसतं. मी फक्त एवढं बघते की सलग चार-पाच रनमध्ये वादळं साधारण कुठल्या भागात आणि कुठल्या वेळेला उगवतात, आणि सुटी उगवतात की रेघेत. बाकी सोडून द्यायचं.

दुपारी १-२ नंतर सॅटेलाइट. गोज ईस्ट या हवामान उपग्रहाचं चित्र दर ५ मिनिटांनी येतं, मोठ्या दिवशी एखाद्या भागावर दर मिनिटाला. ड्रायलाइनवर फुलकोबीसारखे ढग चढायला लागतात ते इथे रडारच्या आधी दिसतं, कारण रडारला दिसायला आत पाणी तयार व्हावं लागतं. याच सुमाराला वॉच येतो. वॉच नॉर्मनहून निघतो, बऱ्याच काउंट्यांना मिळून, साधारण सहा तासांसाठी, म्हणजे परिस्थिती तयार आहे. वॉर्निंग तुमच्या स्थानिक ऑफिसकडून येते, नकाशावर एक छोटा चौकोनी-तिरका तुकडा असतो आणि त्या तुकड्यात आता, अर्ध्या-पाऊण तासात घडणार आहे किंवा घडतंय असा अर्थ. वॉच आला की प्लॅन बदलायचे, वॉर्निंग आली की हातातलं काम सोडायचं. तुमची प्रॅक्टिस वॉचच्या वेळात येत असेल तर माझं मत विचाराल तर नका जाऊ, कोचला मेसेज टाका, मैदानावर पंधरा मुलं आणि जवळ पक्की इमारत नाही ही परिस्थिती मला बिलकुल आवडत नाही. टॉर्नेडोचं सोडा, नुसती वीज पुरेशी आहे, गडगडाट ऐकू आला की आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही.

आता रडार. इथे सगळ्यात जास्त गोंधळ असतो. पहिली गोष्ट, चित्रावरची वेळ बघा. रडार पूर्ण फिरून यायला चार-सहा मिनिटं घेतो, खालचा स्कॅन हल्ली मधेमधे जास्त वेळा करतात, पण फुकटच्या ॲपवर ते आणखी उशिरा पोचतं. ताशी ५० मैलांनी येणारं वादळ सहा मिनिटांत पाच मैल पुढे गेलेलं असतं, म्हणजे तुम्ही बघताय ते लोकल सुटून गेल्यावर इंडिकेटर बघण्यासारखं. दुसरं, गुळगुळीत केलेलं चित्र नको, रडारस्कोपसारखं एखादं ॲप घ्या, पैसे पडतात थोडे पण कच्चा डेटा मिळतो, आणि सगळ्यात खालचा टिल्ट, म्हणजे रडारच्या किरणाचा कोन, लावा. तिसरं, रडारचा किरण लांब जाईल तसा उंच जातो, १०० किलोमीटरवर तो जमिनीपासून जवळपास दीड किलोमीटर वर असतो, तेव्हा लांबच्या वादळाच्या पोटाखाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही.

आणि लाल रंग म्हणजे टॉर्नेडो नव्हे! लाल-जांभळा म्हणजे जोरदार पाऊस किंवा गारा. टॉर्नेडो असतो तो बहुतेक त्या लाल भागाच्या कडेला, साधारण नैर्ऋत्य बाजूला, जिथे आकड्यासारखा वळसा दिसतो तिथे, आणि त्या जागी पाऊस बऱ्याचदा कमी असतो किंवा नसतोच. बाहेर बघून माणूस म्हणतो गारा थांबल्या, पाऊस थांबला, गेलं वाटतं, आणि तो नेमका सगळ्यात वाईट भागाच्या पुढ्यात उभा असतो. व्हेलॉसिटी, म्हणजे वाऱ्याचा वेग दाखवणारं चित्र, लावलीत तर हिरवा म्हणजे रडारकडे येणारा वारा, लाल म्हणजे लांब जाणारा, दोन्ही गडद रंग एकमेकांना चिकटून दिसले की तिथे हवा फिरतेय. त्याच जागी कोरिलेशन कोएफिशियंट, म्हणजे रडारला दिसणारे कण किती एकसारखे आहेत तो आकडा, एकदम पडलेला दिसला तर रडारला पाऊस नाही, उडालेली लाकडं, पत्रे, इन्सुलेशन दिसतंय, म्हणजे टॉर्नेडो जमिनीवर आहे आणि काहीतरी मोडतोय, अंधार असो की पाऊस असो. ही सोय २०१३ च्या आसपास देशभरातल्या रडारवर आली आणि रात्रीच्या वॉर्निंगमध्ये तिने फार फरक पाडला.

अजून एक, जे ॲपच्या बाणांना कळत नाही. सुपरसेल चांगला फिरायला लागला की तो बाकीच्या वादळांची दिशा सोडून उजवीकडे वळतो. सगळी ईशान्येला चालली असतील तर हा पूर्वेला किंवा चक्क आग्नेयेला निघतो. त्यामुळे 'आपल्या उत्तरेने जाणार' म्हणून बसलेल्यांच्या अंगावर येतो. कळपातलं एखादं उजवीकडे झुकतंय आणि हळू झालंय असं दिसलं की मी बाकी सगळं सोडून त्याच्याकडे बघते.

हे जमायला नकाशा पाठ पाहिजे, कारण वॉर्निंगमध्ये काउंटी आणि गावांची नावं येतात, झिपकोड नाही. फ्रिस्को अर्धं कॉलिन काउंटीत आणि अर्धं डेंटन काउंटीत आहे, तुमचं घर कुठल्या बाजूला ते आजच बघून ठेवा. पश्चिमेकडे डेंटन, त्याच्या पलीकडे डिकेटर, मग जॅक्सबरो, वायव्येला बोवी, विचिटा फॉल्स. डिकेटरला वादळ असेल आणि पूर्वेला येत असेल तर तुमच्याकडे तास-सव्वा तास आहे, डेंटनला असेल तर गाडी गॅरेजमध्ये, मुलं घरात, बूट पायात.

रात्री फ्रंटची रेघ येते तेव्हा वेगळं बघायचं. पूर्ण रेघ सारखी धोक्याची नसते, कुठेतरी ती धनुष्यासारखी पुढे फुगते, त्या फुगवट्याच्या टोकाला वारा सगळ्यात जास्त, आणि फुगवट्याच्या उत्तरेकडच्या भागात छोटे टॉर्नेडो होऊ शकतात. वाऱ्याला हलकं घेऊ नका. २८ मे २०२४ ला सकाळी असाच एक पट्टा डॅलस-फोर्ट वर्थवरून गेला आणि सहा लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, काहींची कित्येक दिवस, तेही उन्हाळ्यात. आणि याच डीएफडब्ल्यू विमानतळावर २ ऑगस्ट १९८५ ला डेल्टाचं १९१ विमान उतरताना वादळातून खाली आदळणाऱ्या हवेत सापडलं, १३७ माणसं गेली, त्यानंतर मोठ्या विमानतळांसाठी वेगळे डॉप्लर रडार बसवले गेले. त्यातले दोन आपल्या इथे आहेत आणि रडारस्कोपसारख्या ॲपमध्ये ते निवडताही येतात, शहरापुरतं त्यांचं चित्र फार बारकाईचं असतं.

फोनच्या त्या कर्कश अलर्टवर सगळं सोडू नका. टॉर्नेडो वॉर्निंगला तो वाजतो, पण साध्या सिव्हिअर थंडरस्टॉर्म वॉर्निंगला वाजत नाही, २०२१ पासून फक्त 'डिस्ट्रक्टिव्ह' शिक्का असेल तरच, म्हणजे ताशी ८० मैल वारा किंवा पावणेतीन इंचाच्या गारा. ७० मैलांच्या वाऱ्याला आणि दोन इंची गारांना फोन गप्प! गावातले इशाऱ्याचे भोंगे बाहेर असलेल्या लोकांसाठी असतात, डबल पेन काचेच्या घरात एसी लावून झोपलेल्याला ते ऐकू येतील असं धरू नका. तीस-चाळीस डॉलरचा वेदर रेडिओ घ्या, त्यात आपल्या काउंटीचा कोड टाका आणि बेडरूममध्ये ठेवा. डॅलसजवळच्या गारलंड-रोलेटचा इएफ-४ टॉर्नेडो (० ते ५ च्या मोजपट्टीवर ४) २६ डिसेंबर २०१५ ला अंधार पडल्यावरच आला होता, नाताळच्या सुट्टीत, वसंतही नव्हता, दहा जण गेले आणि त्यातले बरेच हायवेवर गाडीत होते.

तोच धागा पुढे. टॉर्नेडो वॉर्निंगमध्ये घर पक्कं असेल तर गाडी काढून पळू नका. विचिटा फॉल्सला १० एप्रिल १९७९ ला ४२ लोक गेले, त्यातले २५ वाहनांमध्ये. ३१ मे २०१३ ला एल रीनोचा अडीच मैलांहून रुंद टॉर्नेडो आला तेव्हा ओक्लाहोमा सिटीचे रस्ते पळणाऱ्या गाड्यांनी तुंबले होते, आणि त्याच दिवशी टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि कार्ल यंग हे तिघे अनुभवी संशोधक गाडीतच गेले. ज्यांनी आयुष्यभर हेच केलं त्यांना अंदाज आला नाही, तर आपण कोण. इथल्या घरांना तळघर नसतं, तेव्हा खालचा मजला, मधली खोली, खिडकी नको, बहुतेकांकडे जिन्याखालचं कपाट किंवा आतलं बाथरूम असतं. सगळ्यांच्या डोक्यावर सायकलचं हेल्मेट, पायात बूट, फोन चार्ज केलेला. अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर असाल तर खालच्या शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा, त्या वेळी दार वाजवायला लाज वाटते. आणि तोपर्यंत रडार बघायचा तेवढा बघून झाला, कपाटात बसल्यावर फक्त वॉर्निंग संपायची वाट बघायची. वॉर्निंग आली की पोर्चवर जाऊन व्हिडिओ काढणारे नवरे प्रत्येक घरात एक असतात, त्यांना आत ओढा.

फ्रंट गेला हे कसं कळतं तर वारा दक्षिणेचा उत्तर-वायव्येचा होतो, तापमान तासाभरात वीस-वीस अंशांनी पडतं, आणि ड्यू पॉइंट कोसळतो. ड्यू पॉइंट पडला की मी झोपायला जाते. नुसता गार वारा सुटला म्हणून नाही, कारण वादळातून बाहेर पडणारी थंड हवाही तशीच लागते आणि तिच्या मागे दुसरं वादळ असू शकतं. स्थानिक ऑफिस वॉचमधून काउंटी काढत जातं, तुमची काढली की झालं.

एक शेवटचं, विमा. टेक्सासमध्ये घराच्या पॉलिसीत वारा-गारांचा डिडक्टिबल बहुतेक वेळा वेगळा असतो, घराच्या विम्याच्या रकमेच्या एक-दोन टक्के, म्हणजे पाच लाखांच्या घराला दहा हजार डॉलरपर्यंत तुमच्या खिशातून, पॉलिसी उघडून आत्ताच बघा. गाडीला गारांसाठी कॉम्प्रिहेन्सिव्ह लागतं, नुसती लायबिलिटी असेल तर काही मिळत नाही. गुरुवारच्या आधी छपराचे, गाड्यांचे फोटो काढून ठेवा, तारखेसकट. शुक्रवारी सकाळी दारावर रूफर, म्हणजे छप्पर दुरुस्त करणारे, येतील, त्यातला जो म्हणेल की डिडक्टिबल आम्ही बघून घेतो तुम्ही फक्त सही करा, त्याला चहासुद्धा विचारू नका, २०१९ पासून ते इथे बेकायदा आहे. आधी स्वतःच्या विमा कंपनीला फोन, मग बाकीचे.